सोमवारचे कप

कुरापतबाई शाळेत असताना एकदा ड्रिलच्या मास्तरांनी मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायला सांगितलं. साऱ्याजणी ढकलाढकली करत उभ्या राहिल्या, ही एक मात्र बाहेरच. "तुला काय वेगळं आमंत्रण हवंय?" मास्तर म्हणाले. "नाही सर," ती म्हणाली, "पण ही पुढची आणि मी, दोघी अगदी सारख्या उंचीच्या आहोत. मग पुढे कोण?" मास्तरांनी रागावून तिला सगळ्यांच्या शेवटी उभं केलं. त्यावर तिने विचारलं, "म्हणजे सारखी उंची असली की शेवटी, असा नियम आहे का? की फक्त माझ्यासाठी?" त्या दिवशी ड्रिल झालं नाही.

पुढे असल्याच प्रश्नांचा तिला पगार मिळू लागला.

त्यांच्या कामाची जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. सहा टेबलं, भिंतीवर एक मोठा पडदा आणि कोपऱ्यात कप धुवायचं बेसिन. या खोलीत एका प्रोग्रॅमिंग भाषेची देखभाल चालत असे. जगात कुठे कुठे लोक त्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत, आणि लिहिताना त्यांना गोष्टी ठेवायला काहीतरी लागे. शंभर नावं असोत की हजार पत्ते, ठेवायचे कशात? त्यासाठी भाषेबरोबरच तयार भांडी मिळत. एक यादी, जिच्यात जे ज्या क्रमाने घालाल त्याच क्रमाने निघतं. एक कप्प्यांचं कपाट, ज्यात प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी असते. आणि एक पिशवी. पिशवीचं वैशिष्ट्य असं की एकच वस्तू दोनदा घातली तरी ती आत एकदाच राहते, आणि बाहेर काढताना कोणती आधी हाताला लागेल, याची हमी नाही. ही सारी भांडी नीट ठेवणं, ती नवी करणं आणि मुख्य म्हणजे ती कुठे गळतात ते लोकांच्या आधी शोधून काढणं, हे बाईंचं काम.

सासूबाई शेजारणीला अभिमानाने सांगत, "आमची सून भांड्यांच्या खात्यात आहे." शेजारीण एके दिवशी कुकरचं झाकण घेऊन आली.

कुरापत हे नाव ऑफिसने दिलं. बाई यादीत काही न घालता शेवटची वस्तू मागत. यादी मोजता मोजता मधूनच तिच्यातल्या वस्तू काढून घेत. एकदा तर त्यांनी एक पिशवी उचलून त्याच पिशवीत घातली आणि आत किती वस्तू आहेत असं यंत्राला विचारलं. यंत्र विचार करत राहिलं, ते संध्याकाळी बंद करेपर्यंत. हे सगळं त्या इतक्या प्रेमाने करत की राग धरणं अवघड व्हायचं. नवऱ्याला मात्र यात काही विशेष वाटत नसे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि प्रत्येक कवळी गिऱ्हाइकाला देण्याआधी तिच्याकडून सुपाऱ्यांपासून खडूपर्यंत सगळं चावून घ्यायचा.

बेसिनच्या वर छोटे हुक होते, प्रत्येकाच्या कपाला एकेक. सोमवारी कप धुवायचं काम बाईंकडे असे, आणि सोमवारी त्या धुतलेले कप मुद्दाम भलत्याच हुकांना अडकवत.

"अहो बाई, माझा कप कुठेय?" थोरले ओरडत. थोरले म्हणजे खोलीतले सगळ्यात जुने आणि सगळ्यांचे वरिष्ठ. भाषेत काय जायचं आणि काय नाही, यावर शेवटचा शब्द त्यांचा.

"आहे की समोर. हुक बघून नाही, कप बघून घ्यायचा."

"सकाळी उठून कोण बघत बसेल? हात आपोआप जातो."

"तेच तर म्हणते. हात आपोआप जातो, आणि मग एक दिवस दुसऱ्याच्या उष्ट्या कपात चहा."

हा नुसता चावटपणा नव्हता. बाईंचा जीव दोन वर्षं ज्यात अडकला होता, तेच यात होतं.

त्यांनी पिशवी आतून पूर्ण नवी शिवली होती. जुनी मोठी झाली की कुरकुरायची. नवी झरझर चाले आणि जागाही कमी खाई. फक्त एक गोष्ट होती. नव्या पिशवीतून वस्तू निघण्याचा क्रम जुन्यापेक्षा वेगळा होता. क्रमाची हमी कधीच कुणी दिली नव्हती; कागदवालीने, म्हणजे भाषेची माहिती लिहिणाऱ्या त्यांच्या सहकारिणीने, ते ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. पण जुनी पिशवी वर्षानुवर्षं त्याच वस्तू त्याच क्रमाने काढून देत आली होती, आणि लोकांच्या हाताला ती सवय झाली होती.

"कुणीतरी त्यावर विसंबलेलं असणार," थोरले म्हणाले. "बाहेर गेलं की बोंबाबोंब होणार."

"मग आधीच शोधू," बाई म्हणाल्या. "महिनाभर आपल्याकडे चाचणीची पिशवी वापरू. तिच्यात मी एक खोडी घालते. दर वेळी क्रम गदागदा हलवून टाकायचा. ज्याचं क्रमावाचून अडतं, त्याचं लगेच अडेल."

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठीक. पण माझी अट ऐका. या महिन्यात एक जरी खरा प्रोग्रॅम यामुळे मोडला, तर नवी पिशवी भाषेच्या या आवृत्तीत नाही. पुढची आवृत्ती दोन वर्षांनी. चालेल?"

"चालेल," त्या म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्या यंत्रांवर चाचणीची पिशवी चढली. बेसिनवरच्या छोट्या पडद्याच्या यंत्रावरही चढली, कारण तेही याच भाषेवर चाले. त्या पडद्यावर रोज सकाळी एक नाव उमटे: आज कप कुणी धुवायचे. तो प्रोग्रॅम फार पूर्वी थोरल्यांनीच लिहिला होता. मात्र पडद्याकडे बघायचं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. सोमवार बाईंचा, मंगळवार कागदवालीचा, बुधवार-गुरुवार पलीकडच्या टेबलांवरच्या दोघांचे, शुक्रवार खोलीतल्या सगळ्यात उंच पोराचा, लांबूचा. लांबू शुक्रवारी कुरकुर करायचा, कारण शुक्रवारी पाहुणे येत आणि कपांच्या तळाला केक चिकटलेला असे.

"शुक्रवार माझ्याच गळ्यात का, थोरले?"

"अरे, चिठ्ठी आहे ती. यंत्र काढतं. चिठ्ठीला सगळे सारखे. तू काय नि मी काय."

पहिल्या सोमवारी बाई नेहमीप्रमाणे बाह्या सरसावून बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडणार, तोच मागून लांबू किंचाळला, "बाई, थांबा! वर बघा!"

पडद्यावर लिहिलं होतं: थोरले.

खोलीतले सगळे उठून उभे राहिले. कागदवालीने तर चष्मा लावून खात्री केली. थोरले आले, त्यांनी आपलं नाव वाचलं आणि म्हणाले, "हे बिघडलंय."

"काय बिघडलंय?" बाईंनी निरागसपणे विचारलं.

"माझं नाव आलंय ना!"

लांबूला हसू आवरेना, म्हणून तो टेबलाखाली पेन शोधू लागला. थोरल्यांनी कप धुतले. एका कपाचा कान मोडला. तो त्यांचा स्वतःचा नव्हता.

दुपारी बाईंनी तो प्रोग्रॅम उघडून वाचला. साधाच होता. रोज सकाळी सहाही नावं पिशवीत घालायची, या आठवड्यात ज्यांचं झालंय ती काढून टाकायची, आणि पहिलं हाताला येईल ते नाव पडद्यावर. थोरल्यांना वाटलं होतं, क्रमाची हमी नाही म्हणजे झाल्याच चिठ्ठ्या. पण जुनी पिशवी दर आठवड्याला तीच नावं त्याच क्रमाने काढत आली होती. माणसं सहा, कामाचे दिवस पाच. सगळ्यात शेवटी कुणाचं तरी नाव उरणार. ते दर आठवड्याला थोरल्यांचंच उरलं होतं. बाकीच्यांना वाटलं वार नेमून दिलेत. थोरल्यांना काहीच वाटलं नाही. ज्याच्यावर काम येत नाही, तो का येत नाही म्हणून विचारायला जात नाही.

बाई आधी खुदकन हसल्या. स्वतःलाही हसल्या, साऱ्या जगाची भांडी तपासणाऱ्या आपण, इतकी वर्षं दर सोमवारी मुकाट्याने बाह्या सरसावल्या! आणि मग हसता हसता थांबल्या. क्रमावर विसंबलेला एक खरा प्रोग्रॅम सापडला होता. थोरल्यांच्या अटीप्रमाणे नवी पिशवी इथेच संपत होती.

रात्री जेवताना त्यांनी ते घरी सांगितलं.

"मग सांगू नकोस," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"आई, असं कसं? मीच तर शोधायला निघाले होते."

"शोधलंस ना? झालं. त्याचं त्याला कळू दे. तोवर धुवू दे कप. हात स्वच्छ राहतात."

नवरा घास गिळून म्हणाला, "माझ्याकडे एकजण आला होता. नवी कवळी टोचते म्हणून भांडत होता. बघितलं तर जुनी कवळीच वाकडी होती, आणि हा वर्षानुवर्षं तोंड वाकडं करून चावत होता."

"मग त्याला काय सांगितलंस?"

"काही नाही. 'तुम्हाला कसं चावायचंय' एवढंच विचारलं."

बाईंचं जेवण तिथेच अडलं. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या ताटातलं उरलेलं उचलून घेतलं.

तो महिना खोलीला फार मजेचा गेला. एका आठवड्यात लांबूचं नाव आलंच नाही. तो शुक्रवारी खुर्ची बेसिनकडे वळवून, पायावर पाय टाकून बसला आणि कागदवालीला "जरा तळाशी घासा" म्हणून सूचना देत राहिला. तिने त्याच्या कपात साबण तसाच ठेवला. थोरल्यांचं नाव दर आठवड्याला येई, कधी सोमवारी, कधी गुरुवारी. हळूहळू त्यांचा हात बसला. कान मोडायचे थांबले. पण तिसऱ्या आठवड्यात बाईंनी पाहिलं, त्यांच्या पडद्यावर तोच छोटा प्रोग्रॅम उघडा होता.

शेवटचा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी आवृत्ती बंद होणार होती. त्यानंतर आत काही शिरणार नव्हतं. थोरल्यांनी मोठ्या पडद्यावर साऱ्या चाचण्या, म्हणजे भांडी तपासणारे छोटे प्रोग्रॅम, एकदम सोडल्या. पास झालेल्यांचे हजारो हिरवे ठिपके भराभरा उमटत गेले, आणि मधेच एक लाल, नापास.

"कुणाची?" थोरल्यांनी विचारलं.

बाईंचीच होती. पिशवी खरंच हलवली जाते की नाही, हे तपासणारी.

थोरल्यांनी पुन्हा सोडल्या. सगळ्या हिरव्या.

"पुन्हा सोडा," लांबू हळूच म्हणाला. तिसऱ्यांदा हिरव्या. चौथ्यांदा तोच ठिपका लाल.

आता या खोलीत एक कायदा होता, आणि तो बाईंनीच केलेला होता. कधी पास, कधी नापास होणारी चाचणी म्हणजे घरातलं खोटं बोलणारं पोर. ती सुधारल्याशिवाय तिच्याबरोबरचं काहीही पुढे जाणार नाही. याच कायद्याखाली त्यांनी एकदा लांबूचं काम परत पाठवलं होतं आणि लांबू दोन दिवस रुसला होता. आता तो दोन्ही हात डोक्यामागे घेऊन छताकडे बघत म्हणाला, "अरेरे. कायदा म्हणजे कायदा, नाही का बाई?"

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे," थोरले म्हणाले. स्वरात सहानुभूती होती की समाधान, कळलं नाही.

बाई आपल्या चाचणीसमोर बसल्या. पिशवीत तीन वस्तू घातल्या होत्या: लाल, पिवळी, निळी. एकदा काढायच्या, क्रम बघायचा. पिशवी हलवायची, पुन्हा काढायच्या. दोन्ही वेळा क्रम वेगळा असलाच पाहिजे. काय चुकतंय यात? त्यांनी पिशवीचं काम पुन्हा पुन्हा तपासलं. टाके घट्ट होते. मग कंटाळून त्यांनी तीन कागदाचे कपटे घेतले, ओंजळीत हलवले आणि टेबलावर एकेक काढले. पुन्हा हलवले, पुन्हा काढले. असं काही वेळा केलं, आणि एकदा तोच क्रम आला.

बाईंनी कपाळावर हात मारला. तीन वस्तूंचे क्रम ते किती? सहाच. मग सहातून एकदा तोच क्रम पुन्हा येणारच!

"सापडलं," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि सगळे वळले. "पिशवी शहाणी आहे, मीच वेडी. चिठ्ठ्या टाकायच्या आणि वर हट्ट धरायचा की मागचं नाव पुन्हा काढायचं नाही! तशा चिठ्ठ्या असतात का कुठे?"

"म्हणजे तुमचीही कुरापत निघते तर," लांबू म्हणाला.

"निघते बाबा. तुझ्या त्या दिवशीच्या रुसव्याची भरपाई समज."

त्यांनी तीनऐवजी पन्नास वस्तू घातल्या. पन्नासांचा तोच क्रम पुन्हा यायला सूर्य विझायची वाट पाहावी लागली असती. चाचणी हजार वेळा सोडली. सगळ्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि हिरवे ठिपके मोजायचा आव आणला. एकही लाल नाही.

"छान," थोरले म्हणाले. "आता माझी अट." त्यांनी मोठ्या पडद्यावर कपांचा प्रोग्रॅम आणला. "हा खरा प्रोग्रॅम आहे. रोज वापरात आहे. तुमची पिशवी आली आणि हा मोडला. मी स्वतः शोधलंय. मला वाईट वाटतं बाई, पण बोललो होतो मी."

कागदवालीच्या हातातला कप तसाच राहिला. बाईंनी नवऱ्याच्या त्या गिऱ्हाइकाची आठवण केली.

"थोरले, एक विचारू? हा लिहिताना तुम्हाला काय हवं होतं? चिठ्ठी, की नेमलेले वार?"

थोरल्यांनी पडद्याकडे पाहिलं. वार म्हणावं, तर पाच वार नेमून सहाव्याला, म्हणजे स्वतःला, वगळलं असं होत होतं. आणि चिठ्ठी म्हणावं, तर...

"तुम्हीच म्हणायचात," लांबू कळवळून म्हणाला. "चिठ्ठीला सगळे सारखे. तू काय नि मी काय!"

थोरल्यांनी चष्मा काढला. या वेळी तो पुसायला त्यांना फारच वेळ लागला. "चिठ्ठी," ते अखेर म्हणाले.

"मग मोडलेला आधी होता," बाई म्हणाल्या. "या महिन्यात तो पहिल्यांदा बरोबर चाललाय. मोडलंय ते फक्त तुमचं नशीब."

पहिलं हसू कागदवालीला फुटलं. मग सगळ्यांना. थोरलेही हसले, पण मधेच थांबून त्यांनी बोट रोखलं. "हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"आणि महिनाभर मला कप धुवायला लावलेत?"

"मी कुठे? चिठ्ठीने."

थोरल्यांनी पिशवी हलवण्याच्या खोडीसकट आत घेतली. आवृत्ती बंद झाली, आणि बाईंनी घरी फोन करून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. पण त्या माणसाकडे लक्ष ठेव आता."

पुढच्या सोमवारी पडद्यावर नाव आलं: कुरापतबाई. बाईंनी बाह्या सरसावल्या. त्यापुढच्या सोमवारीही कुरापतबाई. तिसऱ्या सोमवारी पुन्हा तेच बघितल्यावर लांबू कुजबुजला, "बाई, यात काळंबेरं आहे. म्हाताऱ्याने काहीतरी केलंय."

बाईंनी प्रोग्रॅम उघडला. एक अक्षर बदललेलं नव्हतं. पिशवी त्यांचीच, टाके त्यांचेच. त्यांनी मान वर केली, तर थोरले आपल्या टेबलावरून बघत होते.

"काही शोधताय?"

"नाही, नाही. सहज."

"मागचं नाव पुन्हा काढायचं नाही, असा हट्ट धरता येत नाही म्हणे," थोरले गोड आवाजात म्हणाले. "कुणीतरी सांगत होतं परवा."

बाई निमूट बेसिनकडे गेल्या. त्यांनी सहाही कप घासूनपुसून लख्ख केले. मग ते एकेक करून हुकांना अडकवताना त्या क्षणभर थांबल्या, आणि सबंध नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी थोरल्यांचा कप थोरल्यांच्याच हुकाला लावला.

थोडा वेळ गेला. थोरले चहाला उठले. आता त्यांना चांगली सवय झाली होती. हात आपोआप जाऊ न देता ते एकेक कप निरखून बघू लागले. लांबूचा हुक बघितला, कागदवालीचा बघितला, बाईंचा बघितला, बेसिनच्या खाली वाकून बघितलं. स्वतःच्या हुकाकडे तेवढं बघितलं नाही.

"बाई," अखेर ते ओरडले, "माझा कप कुठेय?"

बाई मान खाली घालून काम करत होत्या. खांदे मात्र हलत होते.